माकणीची रोहिल्याची बंदूक

तेरखेड्याच्या शेवंताआक्कांचं नाव आधी लिहून टाकतो. पुढं लेखात माझं गज घालणं, नळी तपासणं, असलं बरंच येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल, मिस्तरी लई डोक्याचा माणूस आहे. तसं काही नाही. मी आठवीतून शाळा सोडली, तीसुद्धा सहामाहीच्या आत. या गोष्टीत जे काही कळलं ते आक्कांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कळलं. मी नुसता जेवणाचा डबा घेऊन एसटीनं गेलो होतो, आणि डब्यात भाजी नव्हती, एवढंच माझं कर्तृत्व.

या अंकाच्या संपादकांनी लिहा म्हटलं तेव्हापासून मी हे टाळत होतो. मला पाना-कानसीचं भय नाही, कागदाचं आहे. सही करताना अजून हाताला घाम येतो. पण आक्कांचं नाव छापून येणार असेल तर तेवढा घाम गाळायला हरकत नाही.

माझं गाव कुडाळच्या पलीकडं. आमच्याकडं डुकरं आणि माकडं यांच्यापायी घरटी नाही तरी वाडीला दोन-तीन बंदुका असतातच. तिथल्याच एका दुकानात मी घोडे आणि चाप घासायला शिकलो. त्या मालकाच्या मेव्हण्याचं धाराशिवला परवान्याचं बंदुकांचं दुकान होतं आणि त्याला कारागीर मिळत नव्हता. मी निघालो तेव्हा आईनं विचारलं, "थंय पाणी तरी गावता?" म्हटलं, पाण्याचं माहीत नाही, बंदुका गावतात. त्याला आता तीस वर्षं होत आली. इथल्या लोकांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मी कोकणे मिस्तरी. पहिल्या वर्षी भाकरी घशाखाली उतरत नव्हती, आता गावी गेलो की भातानं पोट भरत नाही.

बंदूकदुरुस्ती म्हटलं की लोकांना काहीतरी थरारक वाटतं. सगळा दिवस गंज काढण्यात जातो. बँकेच्या पहारेकऱ्याच्या बंदुकीत झुरळं निघतात. शेताच्या राखणीसाठी परवाना असलेली बंदूक वर्षात एकदा उडते, आणि तीही डुकराला न लागता विहिरीच्या मोटारीला लागते. एक जण लग्नाच्या वरातीपुरती बंदूक भाड्यानं मागायला आला होता. परवान्याशिवाय हात लावता येत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग तुमीच या की धरून. जेवन बी हाय."

पण या धंद्यात सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक म्हणजे वारस. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला की बंदूक ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात जमा करायची. वारसानं आपल्या नावासाठी अर्ज करायचा, बाकीच्या नातेवाइकांची ना-हरकत आणायची आणि वाट बघायची. तोवर बंदूक आमच्या कपाटात. आणि बंदूक आमच्याकडं असली की वारस महिन्यातून एकदा चक्कर मारतो आणि तिची कुळकथा सांगतो.

मी या जिल्ह्यात शेकड्यांनी बंदुका हाताळल्या, पण विकत घेतलेली एकही नाही. सगळ्या हिसकावलेल्या. कुणाच्या आज्यानं रझाकाराच्या हातून, कुणाच्या पणज्यानं इंग्रजाच्या, तर एकानं चक्क दोघांच्याही. नळीच्या खालच्या अंगाला कारखान्याचा आकडा ठसठशीत दिसत असतो. पण तो कुणी वाचत नाही, आणि वाचून दाखवलेलाही कुणाला आवडत नाही.

मीही बरीच वर्षं वाचून दाखवत नव्हतो. एक निवृत्त गुरुजी होते. वडलांची बंदूक घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्तरी, लढाईतली असेल का हो ही?" माणूस सज्जन, डोळ्यांत आशा. मी म्हटलं, असणार, हा लाकडी दस्ताच सांगतोय. दस्ता काही सांगत नव्हता. बंदूक गुरुजींच्या वडलांच्या तरुणपणी कारखान्यातून आलेली होती. गुरुजींनी घरात चौकट करून खाली पाटी लावली, शाळेची मुलं बघायला यायला लागली. पुढं कुणीतरी जाणकार पाहुणा आला आणि त्यानं चारचौघांत आकडा वाचून दाखवला. गुरुजी दुकानात आले, बंदूक ठेवली आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?" मी नाही म्हटलं. म्हणजे एकाच माणसाशी दोनदा खोटं बोललो. गुरुजी आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता माकणीची गोष्ट.

सुमनताई एसटीत वाहक आहेत. राहायला धाराशिवात, माहेर माकणीचं. त्यांचे वडील, नाना, गेले. त्यांना मूल एकच, ही मुलगी. नानांच्या नावावर एक जुनी ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे दारू, बोळा, गोळी सगळं पुढच्या तोंडातून घालून गजानं ठासायचं. त्यातही ही तोड्याची, म्हणजे घोड्याच्या जागी पेटती वात अडकवायची आणि ती नळीच्या बुडाजवळच्या बारीक छिद्राला टेकवायची. आता असली बंदूक बघायलाही मिळत नाही.

नाना दर दसऱ्याला तिला शेंदूर-तेल लावत, फुलं वाहत, आणि सुमनताई लहानपणापासून तिच्यासमोर निरांजन ओवाळत. भाऊ नव्हता, त्यामुळं ते काम त्यांचं. लग्न झाल्यावरही दसऱ्याची ड्यूटी बदलून त्या माकणीला जायच्या. त्यांना ती बंदूक हवी होती, बास. विकायची नव्हती, उडवायची नव्हती. दसऱ्याला घरात हवी होती.

आडवा आला चुलतभाऊ, दिनकर. माकणीलाच शेती, गावात वजन, आवाज मोठा. त्याचं म्हणणं, बंदूक नानांची नव्हेच, सगळ्या घराण्याची. पणजोबांनी निजामाच्या काळात एका रोहिल्या पठाणाच्या हातून हिसकावली, त्या मर्दुमकीची खूण. ती पोरीच्या सासरी कशी जाणार? आणि तो ना-हरकतीवर सही करेना. सहीशिवाय अर्ज पुढं सरकेना.

बंदूक आमच्या दुकानात आली ती ठाण्यातून. एका हवालदाराच्या हाती कागदासह पाठवली होती. हवालदार रिक्षातून उतरला तो डोळे चोळत. बंदूक गुडघ्यांत उभी धरून, तिच्या तोंडावर हनुवटी टेकवून त्यानं वाटेत छान डुलकी काढली होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

बंदूक कसली, मारुतीच होता. टोकापासून बुडापर्यंत बोटभर शेंदूर. लोखंड दिसायला जागा नाही. मी उचलली, तोंडाशी डोळा लावून आत बघितलं, काही दिसेना, कपाटात ठेवली. हेही लक्षात ठेवा.

आठ दिवसांनी बहीणभाऊ एकदमच दुकानात आले. आमचे दुकानमालक शेठ चहा सांगायला उठले ते परत बसलेच नाहीत.

"दादा, तुमाला कशाला पायजे ती? तुमच्यात दसऱ्याला ट्रॅक्टर पूजत्यात," सुमनताई म्हणाल्या.

"सुमे, सवाल पायजेचा न्हाय. घराण्याचा हाय."

"घरान्यातली न्हाय का मी?"

"हायेस की. पर तिकीट दुसऱ्या गाडीचं काढलंस."

"तिकिटाचं मला शिकवू नगा. मी दिवसाला पाचशे फाडते. नाना आजारी होते तवा हे घराणं कुन्या फलाटावर उभं होतं?"

दिनकरचा चेहरा पडला, पण तो मागं हटला नाही. शेवटी तोच म्हणाला, "हे बघ. आपन भांडत बसण्यापरीस मिस्तरीला विचारू. लई बंदुका बघितल्यात त्यानं. ही पणजोबाची न्हाय असं त्यानं कागदावर दिलं, तर म्या हितंच सही करतो. आन् पणजोबाची निघाली तर तू नाद सोडायचा. कबूल?"

सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं. प्रवाशाकडं सुट्टे आहेत की नाहीत हे त्या जशा बघत असतील तसं. मग म्हणाल्या, "कबूल. मिस्तरी, जे हाय ते लिहा."

मला कुणी विचारलंच नाही कबूल आहे का म्हणून. दोन घरांचा निवाडा, लेखी, आणि खाली आठवीतून पळालेल्याची सही. मी शेठकडं बघितलं, शेठ रस्त्याकडं बघत होते.

दिनकर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्तरी, रोहिल्या म्हनून लिहा. तुमच्या बापाचं काय जातंय? मेलाय तो रोहिल्या कवाच." धमकी नव्हती, विनवणी होती. त्याच्या लहानपणापासून ती गोष्ट घरात होती. मला गुरुजींचे डोळे आठवले.

पहिलं काम शेंदूर काढायचं. ते काही कागदपत्राचं काम नव्हे. शेंदूर म्हणजे देवाचं अंग. सुमनताई सुट्टी काढून नारळ घेऊन आल्या, दुकानातच फोडला, बंदुकीपुढं हात जोडले आणि म्हणाल्या, "नानाची बाय, अंग पुसायला लागलोय, राग धरू नगंस." मग मला म्हणाल्या, "करा सुरू. आन् शेंदूर फरशीवर सांडू नगा. कागदात घ्या, म्या तेरना नदीत सोडीन." शेठनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

कडेनं बोथट पट्टी घातली तर शेंदराची खोळ तुकड्यातुकड्यानं निघायला लागली. अशा जुन्या नळीवर बहुतेक वेळा काहीतरी कोरलेलं असतं, अक्षरं, आकडा, फूल, शिक्का. तेवढं सापडलं की माझं काम संपलं. तास-दीड तासानं नळी उघडी झाली. एक अक्षर नाही. आकडा नाही. साधा लोहाराचा माल, हातोड्याचे घाव जिथल्या तिथं. दस्ता बाभळीचा. नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या तीन कड्या, त्यातल्या दोन पितळी आणि मधली तांब्याची. बास. ही बंदूक बोलणारी नव्हती.

मग मी आतून मापावी म्हणून गज घातला. आणि इथं माझी लाज निघाली.

ठासणीची बंदूक हातात आली की पहिली गोष्ट काय करायची, हे मला चौदाव्या वर्षी शिकवलेलं आहे. गज आत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावायचा. खूण बुडापर्यंत पोचली तर नळी रिकामी. पोचली नाही, तर आत काहीतरी आहे. हे न करता मी आत डोळा लावला होता. गज चार बोटं कमी पडत होता. पुन्हा घातला. चार बोटंच.

"शेठ," मी म्हटलं, "बंदूक भरलेली आहे."

शेठनी आधी देवाच्या फोटोकडं बघितलं, मग उदबत्ती विझवली. दोन बोटांच्या चिमटीत धरून. त्यांचं बोट भाजलं, पण ते त्यांना संध्याकाळी कळलं.

मी सुमनताईंना बसायला सांगितलं आणि खुलासा केला. नानांनी, त्यांच्या आधी आणखी कुणी, आणि पुढं स्वतः सुमनताईंनी, वर्षानुवर्षं एका भरलेल्या बंदुकीसमोर पेटतं निरांजन ओवाळलं होतं. त्या छिद्रावर शेंदूर थापलेला होता म्हणून नुसती आरतीच झाली. हवालदाराची हनुवटीही त्या शेंदराच्याच कृपेनं जाग्यावर होती.

सुमनताईंनी वाकून नळीच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तरी नाना म्हनायचे, नळीच्या म्होरं उभी ऱ्हाऊ नगंस, देवाला पाठ हुती." आणि त्या इतक्या हसल्या की बाहेरची माणसं आत डोकावली.

नळीत पाणी भरून दोन दिवस ठेवली. मग टोकाला मळसूत्र असलेला गज फिरवत फिरवत आतला ऐवज ओढला. आधी मातीचा घट्ट बूच निघाला, विटेसारखा. त्यात तंतू. त्यामागं चिंधीचा बोळा, हळदीसारखा पिवळा. मग काळा चिखल, ती मेलेली दारू. मी गोळीची वाट बघत होतो. गोळी नव्हती. छर्रे नव्हते, खडासुद्धा नव्हता. बॅटरी लावून आत बघितलं. शिसं एकदा नळीतून गेलं की ओरखडा ठेवतं. तसला एक ओरखडा नाही. म्हणजे या बंदुकीतून उभ्या जन्मात गोळी सुटलेली नव्हती. रोहिल्याच्या हातून हिसकावली असेल तर तो रोहिल्या फार अहिंसक असणार.

आता गोळी नाही म्हणजे पणजोबांचीही नाही, असं काही सिद्ध होत नव्हतं. दिनकरचा फोन आला, "लिहिलं का?" मी कागद घेतला आणि खरंच लिहायला बसलो. सदर बंदूक पुरातन असून लढाऊ बनावटीची. एवढं झालं आणि पेन थांबलं. यात काय खोटं होतं? कुणाला कळणार होतं? दिनकर खूष होईल आणि सुमनताई एक दिवस रडतील, एवढंच. मी तो कागद फाडला, हे छाती पुढं काढून सांगण्यासारखं नाही. फाडून परत तेच लिहिलं, परत फाडलं. तिसऱ्या कागदावर तो मातीचा बूच ठेवला होता, म्हणून लिहिता आलं नाही.

त्या बुचाकडं बघत बसलो आणि वाटलं, हे मी कुठंतरी पाहिलंय. शिपाई किंवा शिकारी बोळा ठासतो, मातीचा बूच कोण कशाला मारेल? मग आठवलं. दिवाळीनंतर शेठच्या अंगणात फुसके भुईनळे पडलेले असतात, त्यांच्या बुडाला अशीच माती असते. हा हात बंदूकवाल्याचा नव्हता. शोभेच्या दारूवाल्याचा होता. आणि आपल्या जिल्ह्यात शोभेची दारू म्हटलं की पाठ केल्यासारखं एकच नाव येतं.

बूच, तंतू, चिंधी, सगळं डब्यात ठेवून मी तेरखेड्याची गाडी धरली. बंदूक बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. गावात उतरून विचारत सुटलो, तर जो तो हसायचा. "मिस्तरी, चिखूल दाखवायला धाराशिवाहून आलाव?" शेवटी एका बाईनं सांगितलं, असल्या जुन्या गोष्टी शेवंताआक्कालाच कळत्याल, पंच्याऐंशीच्या वर हायेत, पर जीभ विशीतली हाय.

आक्का लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. सगळा जन्म फटाके वळण्यात गेलेला, बोटांची टोकं कायमची काळपट. मी डबा उघडून पुढं केला.

"काय हाय? भाजी?"

"नाही आक्का, बंदुकीतून निघालंय."

"मंग खाऊ नगंस," त्या म्हणाल्या आणि बुचाचा कोपरा मोडून दोन बोटांत चुरला. चुरला, वास घेतला, तंतू ओढून उजेडात धरला. इतका वेळ मिस्कील असलेला चेहरा एकदम गंभीर झाला.

"कोन रं तू? कुठला?"

"धाराशिवला असतो. गाव कोकणात."

"कोकन्या, ह्यो अंबाडीचा काथ्या हाय. मातीत अंबाडी फकस्त आमच्या घरात कालवायचे. बाकी समदे ताग घालत्यात. माझा बाप म्हनायचा, तागानं माती चिरती." त्यांनी चिंधी बोटावर पसरली. "आन् ही हळद. ही वरातीची भरन हाय. ती बंदूक तोड्याची हाय का?"

"हो."

"तीन कड्या? दोन पितळी?"

मी नुसती मान हलवली.

"मधली तांब्याची. माझ्या चुलत्यानं घातली, पितळ सरलं हुतं. म्या भाता वढत हुते."

त्या कड्या बोटभर शेंदराखाली होत्या. त्या मी, शेठनी आणि सुमनताईंनी सोडून आज जिवंत असलेल्या कुणी बघितल्या नव्हत्या. मी बाजेच्या कडेवर बसलो, विचारलंसुद्धा नाही.

मग आक्कांनी सांगितलं. त्यांच्या बापाची धाकटी बहीण, सोना. निजामाच्या अमदानीत माकणीला दिली, दुसरेपणावर. पहिली बायको नांदत होती, तिला मुलगाही होता. आक्का तेव्हा परकराच्या. आपल्या घरची लेक सवतीवर जाते, तर मान कमी पडायला नको, म्हणून वरातीला बार काढायची घरची बंदूक लेकीबरोबर आंदण दिली. आणि या घराची एक रीत होती. बंदूक भरून द्यायची. लेकीला पहिलं मूल झालं की सासरच्या दारात बार काढायचा, म्हणजे गावाला कळतं की हिच्या मागं कुणीतरी आहे.

"मंग काढला का न्हाय?" आक्कांनी विचारलं. "पोरगा झाल्याला सांगावा आल्ता. आमी वाट बघत बसलो, कुनीतरी येऊन सांगल की बार कसा झाला. कुनी आलं न्हाय. सोनाआत्याबी परत आली न्हाय, लवकरच गेली."

मी म्हटलं, "आक्का, काढला नाही. तो हा, डब्यात आहे."

आक्कांनी बोटावरची चिंधी परत डब्यात ठेवली. "थोरलीनं काढू दिला नसंल," एवढंच म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "कोकन्या, जेवून जा."

दिनकर थोरलीचा, म्हणजे त्या पहिल्या बायकोचा नातू. सुमनताईंचे नाना म्हणजे सोनाचा तो मुलगा. वाटणीत बंदूक धाकट्या घराकडं का आली हे माकणीत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. दिनकर म्हणायचा, आमच्या बापानं मोठ्या मनानं दिली. मोठं मन वगैरे काही नव्हतं, ज्या आईची वस्तू तिच्या लेकाकडं गेली.

मी लिहिलेला कागद अर्ध्या पानाचा होता. आक्कांनी काय ओळखलं, कड्या कशा सांगितल्या, नळीत काय निघालं, आणि शेवटी, ही बंदूक पणजोबांची नाही, तेरखेड्याहून सोनाबाईंबरोबर आंदण आली. चुका शेठनी दुरुस्त केल्या. बहीणभावांसमोर मीच वाचला.

दिनकरनं एकच विचारलं. "म्हंजे... रोहिल्या न्हायच?"

"रोहिल्या नाही."

"लढाई?"

"वरात."

"एकबी गोळी न्हाय?"

"एकही नाही, दादा. ही बार काढायची बंदूक आहे. फटाक्यांच्या घरातली."

तो खुर्चीत मागं रेलला. मला वाटलं आता भांडण. तो म्हणाला, "आयला. पन्नास वर्सं झाली, म्या फटाक्याच्या पाया पडतोय." मग हात पुढं केला. "आना तो कागद. फटाका सुमीलाच ऱ्हाऊ दे." आणि सही केली. मला वाटलं होतं की खरं ऐकून त्याला न्याय पटेल. त्याला न्याय वगैरे काही पटला नाही, बंदुकीची किंमत उतरली म्हणून त्यानं ती सोडली. चालेल. मला सहीशी मतलब होता. आता माकणीत तो सांगतो की रोहिल्याची खरी बंदूक वेगळीच होती, ती पूर्वीच चोरीला गेली.

सुमनताई मात्र हसल्या नाहीत. सही झाली, दिनकर गेला, तरी त्या बंदुकीच्या मधल्या कडीवर बोट ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजे नाना जन्मले त्याचा बार अजून निघालाच न्हाय."

पुढच्या आठवड्यात सुमनताई आणि मी तेरखेड्याला आक्कांकडं गेलो. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही, मी जरा लांब जाऊन उभा होतो. निघताना मी आक्कांना म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू सांगा. लुगडं आणू का?

"लुगड्यानं काय व्हतंय? बार ऐकीव. आमच्या सोनीचा."

मी सांगितलं, आक्का, नळीचं बूड आतून खाल्लंय. इतकी वर्षं दारू आत बसली. आता भरली तर फुटेल.

"मंग तू मिस्तरी कशाचा रं?"

बूड कापून नवं बसवता येतं, पण त्याला आणि बार काढायला वेगवेगळ्या परवानग्या लागतात, आणि बंदूक आधी सुमनताईंच्या नावावर व्हावी लागते. अर्ज गेला आहे. कागदाला भिणारा मी दर सोमवारी कार्यालयाच्या खिडकीशी उभा असतो, आता तिथला शिपाई मला बघितल्यावर स्वतःच मान हलवून नाही म्हणतो. आक्का पंच्याऐंशीच्या पुढं आहेत आणि मला त्या मोजणीची फार भीती वाटते.

आक्का, हा अंक कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून इथं छापील कबूल करतो. तेवढ्या थांबा. बूड मी बसवीन, माती तुम्ही कालवा, अंबाडी सुमनताई आणतील. तुमच्या लिंबाखाली सोनाबाईंचा बार निघेल. तुम्ही कानात बोटं घालणार नाही म्हणाला आहात. मी घालीन.